कोरी पाठ

प्रिय अन्वी आणि ओंकार,

गेल्या आठवड्यात फोनवर अन्वीने विचारलं, "आजी, तू पाहिलेल्या माणसांमध्ये सगळ्यात चांगलं आयुष्य कोण जगलं?" शाळेत त्यावर निबंध लिहायचा आहे म्हणाली. मी पटकन तुमच्या आजोबांचं नाव सांगितलं. दीपनगरच्या वीजकेंद्रात चोख नोकरी, कुणाशी भांडण नाही, रविवारी बाग, रोज आठ तास झोप. फोन ठेवल्यावर वाटलं, हे उत्तर अपुरं आहे. आजोबा चांगलं जगले, पण चांगलं जगण्यापासून त्यांना कुणी अडवलंच नव्हतं.

पुरं उत्तर म्हणजे आमच्या शेजारच्या विमलअक्का. त्या या हिवाळ्यात गेल्या. परवा त्यांच्या घराची मागची भिंत पाडायला माणसं आली. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी ते पाहिलं आणि कागद घेऊन बसले. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, जन्मभर मी कॉलेजात तीच भाषा शिकवली. पण अक्कांच्या शिव्या इंग्रजीत येत नाहीत, आणि शिव्या वगळल्या तर अक्का निम्म्याच उरतात. अडेल तिथे बाबांना विचारा. यात मारझोड पुष्कळ आहे. ती काढून टाकली तर सांगण्यासारखं काही राहत नाही, म्हणून ठेवली आहे.

अक्का धुळ्यातल्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. उंच, काळ्या, रुंद खांद्यांच्या. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, कारण लग्न केलं नव्हतं. त्या जागी काळ्या दोरीत शिट्टी असे. ती शिट्टी बाजारातही असे, लग्नातही असे. एकदा विहारात वंदना चालू असताना कुणाचा तरी मुलगा बहिणीला चिमटे काढत होता, तिथेही ती वाजली. त्यांच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती होती, शांत, डोळे मिटलेली. अक्का तिच्यासमोर उभ्या राहून फोनवर दूधवाल्याला शिव्या देत. मी एकदा म्हटलं, "अक्का, निदान तोंड तिकडे करा." त्या म्हणाल्या, "त्यांना माहीत आहे मॅडम. त्यांनी डोळे उगाच मिटलेले नाहीत."

खाणं मात्र बघण्यासारखं. थंडीत अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचायची, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ते भरीत घाम येईपर्यंत खायचं. पहिला आंबा स्वतःला. पाहुणा आला तर दुसरा त्याला. रविवारी अंगाला तेल चोळून दुपारपर्यंत उन्हात बसत, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बाईला हाक मारत, "काय खाल्लं आज?" उत्तर "काही नाही, उरलंसुरलं" असं आलं की झालंच. "उरलंसुरलं कुत्र्याले घाल! तू पोट भरीसन खा!" ती बाई पदर तोंडाला लावून पळे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. आधी पोट, मग पाठ, मग डोकं. पोट भरलेलं पाहिजे, पाठ कोरी पाहिजे, डोक्याचं नंतर बघू. कोरी म्हणजे जिच्यावर कुणाच्या हाताचं, पट्ट्याचं काही उमटलेलं नाही अशी.

हे त्यांना कुठून सुचलं ते मला उशिरा कळलं. सोनगीरजवळच्या एका खेड्यात त्यांचे वडील सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर एका शेतकऱ्याकडे राबणारे. आपल्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं, तुमच्या कॅलेंडरात जिला अक्षय्य तृतीया म्हणतात तिला. त्या दिवशी सालदार मोकळा होतो, हवं तर मालक बदलतो. एका आखाजीला वडील म्हणाले, "मालक, या साली मी दुसरीकडे जातो." मालकाने त्यांना गोठ्यात नेलं आणि बैलाच्या कासऱ्याने फोडून काढलं. छोटी विमल गोठ्याच्या कुडाला डोळा लावून उभी होती. घरी आल्यावर आई पाठीला हळद लावत रडत होती, आणि पालथे पडलेले वडील म्हणाले, "चालायचंच."

अक्का म्हणत, "मार मी विसरले. तो शब्द नाही विसरले." त्यांच्यासमोर कुणी 'चालायचंच' म्हटलं की त्या खरोखर अंगावर धावून जात. शाळेत एका शिपायाला त्यांनी यावरून ढकललं होतं. तो बिचारा नळाला पाणी नाही याबद्दल बोलत होता.

त्यांचा राग नेहमी योग्य जागी पडे असं समजू नका. एकदा आम्ही दोघी जळगावहून येऊन धुळ्याच्या स्टँडवर उतरलो. फलाटावर एक माणूस बायकोला लाथा घालत होता. ती खाली, पिशवी फुटलेली, कांदे सगळीकडे. लोक कांदे चुकवून चालत होते. अक्कांनी शिट्टी फुंकली, हातातला पितळी डबा फिरवला आणि त्याच्या कानशिलावर हाणला. तो भेलकांडला. कानातून रक्त आलं. तेवढ्यात खालची बाई उठली आणि अक्कांच्या गालावर तिने नखं ओढली. "तो मना नवरा शे! तू कोन? तू कोन मारनारी?"

रिक्षात मी रुमाल दिला. अक्का गाल दाबून बसल्या होत्या. मी म्हटलं, "तिला घरी जाऊन त्याच्याशीच राहायचं आहे, अक्का."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? डबा चेपला माझा." रुमालाची घडी उलटी करून म्हणाल्या, "मॅडम, तिचे हात बघितले? लाथा खाताना दोन्ही हात पोटावर. मला मारताना मात्र खांद्याच्या वर गेले. त्याच्यावर का नाही गेले?"

त्या हात बघत. खेळ शिकवणाऱ्या बाईची ती सवय होती. कोण कसं उभं राहतं, कोणता खांदा वर जात नाही, कोण वाकताना श्वास धरतं. पुढे जे झालं ते या सवयीवरच फिरलं, म्हणून सांगून ठेवते.

माझं आणि त्यांचं एक जुनं भांडण होतं. कॉलेजात मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडे होता. मी मुलांना सांगे की सुख ही क्षणाची भावना नाही. माणसातलं जे उत्तम आहे ते वापरात येणं, आपल्या कुवतीला फुलायला जागा मिळणं, हे चांगलं जगणं. जुन्या ग्रीक लोकांनी असं म्हटलं आहे. एकदा अक्का माझ्या ओट्यावर बसून हे ऐकत होत्या, मी टिपण मोठ्याने वाचत होते.

"हे ज्याने लिहिलं, त्याला कुणी कासऱ्याने मारलं होतं का?"

"मला माहीत नाही."

"नसणार. मार न खाल्लेल्या माणसाला फुलायचं सुचतं. आमच्याकडे आधी मार थांबवायला लागतो."

"थांबला, समजा. पुढे?"

"पुढे काय?"

"मार थांबला म्हणजे माणूस जगायला लागला असं होत नाही, अक्का. दगडालाही कुणी मारत नाही."

"जा वं मॅडम, चहा टाका," म्हणून त्या उठल्या. त्यांना ते पटलं नव्हतं. मीही माझं सोडलं नव्हतं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं.

आखाजीला आपल्या खानदेशात लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात. घरोघर आमरस, पालथ्या मातीच्या खापरावरच्या पुरणपोळ्या, आणि झाडांना झोके. गल्लीतला मोठा झोका अक्कांच्या अंगणातल्या निंबाला असे. जाड दोर, सागाची फळी. शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी, आता कुणाच्या तरी सुना, तिथे जमत. उभ्याने झोका चढवायचा, दोघी-दोघींनी, गाणी म्हणत. अक्का खुर्ची टाकून बसत आणि आंबा चोखत बघत. मला वाटे कौतुक चाललं आहे. मग एका वर्षी त्या माझ्या कानात म्हणाल्या, "ती निळी साडी बघा. दोर खालून धरते. डावा हात वर जात नाही. तिला मारतात." संध्याकाळी त्या निळ्या साडीच्या माहेरी गेल्या. तिच्या भावांना त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण ती परत गेली नाही. असं दोन-तीनदा झालं. झोक्यावर बाईला खोटं बोलता येत नाही, असं अक्का म्हणत.

आमच्या मागच्या गल्लीत रामानानांची पिठाची गिरणी होती. भला माणूस, भुवयांवर कायम पीठ. त्यांना दोन मुली. थोरली रंजना अक्कांची लाडकी, खो-खोत कुणाच्या हाती न लागणारी. तिचं लग्न शिरपूरकडच्या एका घरात झालं होतं, पदरात एक वर्षाची मुलगी होती, छकुली. त्या आखाजीला रंजना झोक्यावर चढली आणि तिने असा झोका घेतला की बायका ओरडायला लागल्या. हात ताठ, डोक्याच्या वर. पायाच्या अंगठ्याने तिने निंबाचा पाला तोडला. हसत होती. अक्का टाळ्या वाजवून म्हणाल्या, "ही सुखात आहे, मॅडम. हिच्याकडे बघायला नको."

श्रावणात निरोप आला. स्टोव्हचा भडका उडाला. त्या घरी गॅस होता. स्टोव्ह कुठून आला हे कुणी विचारलं नाही. सरकारी दवाखान्यात रंजना दोन दिवस होती. तिने जबाब दिला, स्वयंपाक करताना पदर पेटला. अक्का तिच्याजवळ बसल्या होत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा भिंतीला धरून चालत होत्या. मला म्हणाल्या, "कंबरेच्या वर, मागे, थोडी जागा जळलेली नाही. तिथे पट्ट्याचे वळ आहेत. जुने. आखाजीच्याही आधीचे." मग त्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. एकदा नाही. परिचारिकेने आणि मी मिळून हात धरले तेव्हा थांबल्या.

धाकटी ज्योती नंतर म्हणाली, "ताईले माहीत होतं. अक्का हात देखतस, असं ती म्हने. म्हणून तिने सकाळी दुखण्याची गोळी खाल्ली आणि झोक्यावर चढली." नानांची मान खाली जाऊ नये, अक्कांनी भांडण काढू नये, म्हणून. अक्कांची परीक्षा त्यांच्याच हुशार विद्यार्थिनीने ओळखली होती.

याहून वाईट पुढे झालं. वर्षभराने नानांनी ज्योती त्याच जावयाला दिली. आपल्याकडे हे होतं, मुलांनो. बायको गेली, मूल लहान असलं, की मेव्हणी देतात. "लेकराला सावत्र आई नको, मावशी बरी." नाना मला स्वतः असं म्हणाले, आणि त्यांना ते खरंच चांगलं वाटत होतं. स्टोव्ह भडकला यावर त्यांनी विश्वास ठेवायचं ठरवलं होतं. नसता ठेवला तर त्यांना जगता आलं नसतं. लग्नाच्या मांडवासमोर अक्का रस्त्यात उभ्या राहिल्या आणि नवरदेवाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बँडवाल्यांनी आवाज वाढवला. ज्योतीने मांडवातून एकदा वळून पाहिलं, एवढंच.

पुढच्या आखाजीला ती छकुलीला घेऊन आली. अक्कांनी झोका बांधला होता, पण खुर्ची टाकली नव्हती. फाटकात उभ्या राहून त्या येईल त्या पोरीला सरळ विचारत होत्या, "तुले कोनी मारस का? खरं सांग." पोरी लाजत, हसत, "काय वं अक्का!" म्हणत आत जात. ज्योती आली. ती हसली नाही.

"तुले कोनी मारस का?"

"काही नही, अक्का."

अक्कांनी तिला हाताला धरून माझ्या घरात आणलं, दार लावलं आणि म्हणाल्या, "पाठ फिरव." ज्योतीने छकुलीला माझ्याकडे दिलं आणि पाठ फिरवली. तिची पाठ मी पाहिली आहे. ते वर्णन मी करणार नाही. अक्का एवढंच म्हणाल्या, "हिला परत धाडली तर ही श्रावण बघत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली. जावई, त्याचा भाऊ आणि एक मामा. वैशाखाचं ऊन, गल्लीत चुली पेटलेल्या, बायका खापरावर पोळ्या टाकत होत्या. नाना जीपच्या मागे मागे पायी आले, हात जोडलेले. ज्योती आणि छकुली रात्रीपासून अक्कांकडे होत्या. अक्का फाटकात.

"आमची बाई द्या," जावई म्हणाला.

"तुझी बाई तू जाळली. ही माझी विद्यार्थिनी आहे."

"म्हातारे, बाजूला हो."

नाना म्हणाले, "अक्का, जाऊ द्या ना. घरचं आहे. चालायचंच."

अक्कांनी नानांकडे पाहिलं. त्या त्यांना मारतील असं मला वाटलं. पण तेवढ्यात जावई फाटक ढकलून आत शिरला आणि ओट्यावर उभ्या ज्योतीचे केस धरून त्याने तिला खाली ओढलं. ती पायरीवर पडली, दात ओठात घुसले. अक्कांनी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि चावा घेतला. कुत्रं धरतं तसा धरून ठेवला. तो किंचाळला. त्याच्या भावाने जीपमधून लोखंडी टॉमी आणली, चाक खोलायची, आणि अक्कांच्या उजव्या खांद्यावर घातली. ओला बांबू मोडावा तसा आवाज आला. जीप दिसताच मी छकुलीला माझ्या घरी आणलं होतं. तिला घेऊन खिडकीत होते, एका हाताने पोलिसांचा नंबर लावत होते, आणि तो आवाज मला काचेतून ऐकू आला.

अक्का खाली बसल्या, पण मनगट सोडलं नाही.

मग बायका आल्या. कुणी बोलावलं नाही. समोरच्या घरच्या थोरल्या लेकीने झोक्याची सागाची फळी काढली आणि भावाच्या गुडघ्यावर मारली. कुणीतरी चुलीतलं जळतं लाकूड फेकलं, ते मामाच्या धोतराला लागलं. एक म्हातारी तापलेलं खापर फडक्यात धरून आली आणि तिने ते जावयाच्या पाठीवर ठेवलं. हो, ठेवलं. फेकलं नाही. मी पाहिलं. दगड, चपला, शिव्या. जावयाचं डोकं फुटलं, ओट्यावर रक्त सांडलं. जीप निघाली तेव्हा तिची मागची काच नव्हती.

नाना रस्त्याच्या मध्ये मांडी घालून बसले होते. पोलीस आले तरी उठले नाहीत.

चौकीत अक्कांचा हात झोळीत होता. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही मध्ये का पडलात? तुम्ही तिच्या नात्यातल्या कोण?"

"कोणी नाही. म्हणून तर पडले. नात्यातले हात जोडतात."

खटले बरेच चालले, एक अक्कांवरही होता. त्यात मी तुम्हाला नेत नाही. छकुली ज्योतीकडे राहिली आणि रंजनाचं प्रकरण पुन्हा उघडलं गेलं, एवढं पुरे. अक्कांचा उजवा हात मात्र पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही.

इथे कुणीही गोष्ट संपवली असती. पाठ कोरी झाली, म्हणजे जिंकलो. पण ज्योती अक्कांच्या घरात राहायला लागली आणि आमचं जुनं भांडण माझ्या ओट्यावरून उठून त्यांच्या घरात शिरलं. ज्योती बसून राही. जेवायला वाढलं तर जेवे. छकुली रडली तर उचले. विचारलं तर "बरी शे" म्हणे. सकाळी जिथे बसली तिथेच संध्याकाळी. अक्का हैराण. "आता कोण मारतंय हिला? खायला आहे, छत आहे. मग ही हसत का नाही?" मला दगडाची आठवण करून द्यायची गरज नव्हती. त्यांनीच माझ्याकडे रागाने पाहिलं.

मग त्यांनी त्यांना येत होतं ते केलं. कवायत. पहाटे उठवायचं, मैदानाला फेऱ्या, दंड, बैठका. शिट्टी. "गुडघा वर! अजून वर!" ज्योतीला खेळाची शिक्षिका करायची असं त्यांनी ठरवून टाकलं, अभ्यासक्रमाचा अर्जही आणला. ज्योती सगळं करी, यंत्रासारखं. एका सकाळी ती फेरीच्या मध्येच थांबली आणि मातीत बसली. अक्का ओरडल्या. ती उठली नाही. अक्का म्हणाल्या, "यासाठी मी हाड मोडून घेतलं?" आणि त्यांचा हात उगारला गेला. डावा, चांगला होता तो.

ज्योती उठली आणि तिने तो वरच्या वर धरला.

मी मैदानाच्या फाटकाजवळ फुलं तोडत होते. दोघी तशाच उभ्या. ज्योतीचा आवाज मोठा नव्हता. "अक्का, हाऊ हात बी तसाच शे."

अक्कांनी हात सोडवून घेतला नाही. ज्योतीनेच तो सोडला, हळू, मोडू नये अशा बेताने.

त्यानंतर काही दिवस शिट्टी ऐकू आली नाही. मग एका दुपारी अक्का माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "मॅडम, मालकाला वाटत होतं आपण सालदाराला वळण लावतो. त्यालाही ते चांगलंच वाटत असेल."

"तुम्ही मालक नाही, अक्का."

"होत होते." नाक पुसून म्हणाल्या, "तुमच्या त्या ग्रीकांना विचारा, फुलवायचं कसं ते. मला मारणाऱ्याला मारता येतं. याच्या पुढचं शिकले नाही मी."

मी म्हटलं, "फुलवता येत नाही बहुतेक. बाजूला व्हावं लागतं." हे मी पुस्तकातून बोलले नाही. तुमच्या बाबांना वाढवताना मला ते कळलं होतं, तेही उशिरा.

बाजूला होणं अक्कांना मारामारीपेक्षा जड गेलं. त्या माझ्याकडे येऊन बसायला लागल्या, नुसतं घरात ज्योतीला एकटं राहता यावं म्हणून. दहादा उठत, दहादा मी बसवी. नाना तोवर दर आठवड्याला दळणाचा डबा अक्कांच्या फाटकाशी ठेवून जात होते, आत न येता. पावसाळ्याच्या सुमाराला त्यांच्या गिरणीची मोटर जळाली. दुरुस्तीला जळगावला न्यायची म्हणून त्यांनी ती हातगाडीवर घातली आणि का कोण जाणे, अक्कांच्या फाटकाशी थांबले. ज्योती लहानपणी गिरणीतच बसायची, तिला त्या मोटरचा आवाज पाठ होता. ती बाहेर आली. बापाशी बोलली नाही. पाना मागितला. अंगणात निंबाखाली तिने ती मोटर उघडली, आतली जळकी तांब्याची तार उसवायला बसली, आणि अंधार पडेपर्यंत उठली नाही. आम्ही माझ्या ओट्यावरून बघत होतो. ती तारेशी भांडत होती. "मर ना वं, निघ ना!" तिच्या तोंडून शिवी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"शिवी दिली!" अक्का माझा दंड दाबून म्हणाल्या. "मॅडम, शिवी दिली तिने!"

ती मोटर तिच्याकडून दुरुस्त झाली नाही, उलट जास्त बिघडली. पण ज्योतीने ठरवलं. जळगावला मोटरींची तार भरून देणारी दुकानं पुष्कळ आहेत, शेतपंपांचा जिल्हा तो. तिला ते काम शिकायचं होतं. अक्का भडकल्या. "तारा गुंडाळायला? पुरुषांच्या दुकानात? एकटी, पोरीला घेऊन? मी तिकडे कशी येऊ रोज?"

"नका येऊ," ज्योती म्हणाली.

अक्का स्वयंपाकघरात गेल्या. एक पातेलं आपटल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "खोली मी बघून देईन."

"मी बघितली शे."

तिसरं पातेलं आपटलं नाही. तो दिवस मी अक्कांच्या सगळ्या मारामाऱ्यांच्या वर ठेवते.

आमची शेवटची खेप गेल्या दिवाळीनंतरची. अक्का थकल्या होत्या, पण म्हणाल्या, ज्योतीचं दुकान बघायचं आहे. ते आता तिचं स्वतःचं होतं, जळगावच्या एका बोळात, पत्र्याच्या छपराचं. आम्ही पोचलो तेव्हा ती एका पंपावर वाकलेली होती, कोपरापर्यंत काळी. वर न पाहता म्हणाली, "बसा अक्का. हा तारेचा फेरा मध्येच सोडता येत नाही." आणि अक्का, ज्या कुणासाठी कधी थांबल्या नाहीत, स्टुलावर बसल्या. खूप वेळ. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, धिप्पाड, मिशीवाला, आणि ओरडायला लागलं, काल देणार होतीस, पीक जळतंय माझं. मी अक्कांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याची गरज नव्हती. त्या हलल्या नाहीत. ज्योतीने तार दातात धरली होती, ती काढून म्हणाली, "भाऊ, ओरडायचं असेल तर बाहेर ओरडा. काम संध्याकाळी मिळेल." तो बाहेर गेला आणि खरोखर बाहेर थोडं ओरडला.

अक्का एकदम हसल्या, तोंड उघडून, पोट हलवत. ज्योतीही हसली, तारेवरची नजर न काढता. परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीला डोकं टेकून झोपल्या, तोंड उघडं, घोरणं मोठं. पारोळ्याला कंडक्टरने विचारलं, "आजी बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "बऱ्या आहेत." धुळ्याला उतरल्यावर त्यांनी माझी पिशवीही स्वतःकडे घेतली आणि डाव्या हाताने लोकांना बाजूला सारत गर्दीत पुढे गेल्या. मला त्यांची रुंद पाठ थोडा वेळ दिसत होती. पौषात त्या झोपेत गेल्या.

अन्वी, निबंधात काय लिहायचं ते तुझं तू ठरव. मला माहीत आहे ते एवढंच. घर विकलं गेलं, निंब तोडला. नाना गिरणी चालवतात. छकुली आता शाळेत जाते आणि खूप बोलते. ज्योती जिवंत आहे. तिचं दुकान चालू आहे. आठवड्यातून एक दिवस ती ते बंद ठेवते, आणि त्या दिवशी ती काय करते हे तिने कुणाला सांगितलेलं नाही, आणि आम्ही कुणी विचारत नाही.

— आजी